शेवटच्या बाकावरच्या मंगला मॅडम

वर्गात आल्या की मंगला मॅडम टेबलाकडे जायच्याच नाहीत. थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, काल वॉर्डात काय पाहिलंत? आणि त्यातलं काय कळलं नाही?" पोरी एकमेकींकडे बघत राहायच्या. नाशिकच्या त्या नर्सिंग कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते. माझ्या वर्गात नोट्स सांगणं चालू असायचं आणि शेजारी त्यांच्या वर्गात ही शांतता.

"मॅडम, नोट्स द्या ना," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पेशंटजवळ तू एकटी असशील. तिथे मी कशी येऊ?"

एकदा लासलगावहून पहिल्या वर्षातल्या दीपालीचे वडील तक्रार घेऊन आले. "मॅडम, पोरगी घरी येऊन रडते. म्हणते, मॅडम काहीच सांगत नाय, आम्हालाच इचारतात. तिला येत असतं तर इथं कशाला धाडली असती?" मला वाटलं, मॅडम चिडतील. पण मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला. "तुमचं खरं आहे," म्हणाल्या. "शाळेत तिला कुणी कधी विचारलंच नाही. मी एकदम विचारायला लागले. भीती वाटणारच."

ते गेल्यावर चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत होत्या. मग मला म्हणाल्या, "पोरी नोट्स मागतात त्याला आपण आळस म्हणतो गं. ती भीती असते."

तेव्हापासून कॉलेज सुटलं की त्या दीपालीला घेऊन ग्रंथालयात बसू लागल्या. पुस्तकात हवं ते पान कसं शोधायचं, इथपासून सुरुवात. घरी सिन्नरला मॅडमचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. नाशिकच्या द्वारका चौकात सिन्नरच्या बसची वाट बघत उभ्या असायच्या तेव्हा त्यांचे पाय सुजलेले दिसायचे.

वर्ष सरत आलं तेव्हा वॉर्डात दीपालीने हातात घेतलेलं इंजेक्शन पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. "सिस्टर, या औषधाबद्दल मला माहीत नाही. वाचून येते, मग देते." उशीर केला म्हणून सिस्टर सगळ्यांसमोर रागावल्या. ती रडतच स्टाफरूममध्ये आली. मॅडमनी शाबासकी वगैरे दिली नाही.

"बस. वाचलंस का मग?"

"हो."

"काय कळलं?"

दीपाली नाक पुसत सांगत राहिली. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

बाकीच्या बऱ्याच पोरी मात्र नोट्स मागत मागतच पास झाल्या. पुढे यजमानांचं दुखणं वाढलं आणि मॅडमनी निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली. निघताना म्हणाल्या, "फार थोड्या तयार झाल्या गं. दमले मी."

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "यांना गिळताना ठसका लागतोय. येतेस?" मी सिन्नरला गेले. मऊ भाताची वाटी घेऊन त्या पलंगाशी बसल्या होत्या. भरलेला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत ठेवत होत्या.

"मॅडम, हे तर तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत," मी म्हटलं.

"माहीत आहे मला सगळं. पण घरच्या माणसावर हात चालत नाही. आज मला काही विचारू नकोस. नुसतं सांग."

मी सांगू लागले. "त्यांना ताठ बसवा. मान जरा पुढे. घास लहान द्या." त्या ऐकत होत्या, तसंतसं करत होत्या. "आता थांबा. गिळू द्या."

त्या थांबल्या. घास उतरण्याची वाट बघत आमच्या दोघींची नजर यजमानांच्या गळ्यावर होती.