जावळाच्या दिवशी न बोललेलं

दैवशाला सिस्टर दवाखान्यात बाळाला लशीचा डोस द्यायला घेऊन आलेल्या प्रत्येक आईला बजावायच्या, "गाडीत लेकराला मांडीवर घेऊ नका. मागं त्याच्या खुर्चीत बसवून पट्टा लावा."

शेजारची उमा लेकीच्या जावळासाठी रेणुकाईला निघाली, तेव्हा पोरगी पुढच्या सीटवर तिच्या मांडीत होती. शुभकार्याला निघालेल्यांपुढं अपघाताचं नाव कशाला काढा, म्हणून सिस्टरनी पोरीला नुसतं कुंकू लावलं. वाटेत करकचून ब्रेक लागला आणि पोरीचं कपाळ फुटलं. सात टाके पडले.

टाके काढताना उमा म्हणाली, "देवीनंच राखलं, सिस्टर."

"राखलं माय. पण मला दिसत होतं, अन् मी बोलले न्हाई."

आता सिस्टर देवाला निघालेल्यांनाही आधी पट्टा लावायला सांगतात. उमाच्या पोरीला कुंकू लावताना मात्र बोट त्या वणावरच अडतं.