गेरूचं बोट

सांगलीच्या दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी आमटीसाठी शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, गेल्या. हातातली शेंग तशीच राहिली… आणि शेंग तरी कुणाची, त्यांचीच म्हणायची.

तुम्ही विचाराल, ते कसं? तर दुष्काळात आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला वाळकं लाकूड म्हणून उरलं नाही, सगळं चुलीत गेलं. पुढं पाऊस झाला, शेवगा फुलांनी पांढरा झाला, पण शेंग धरेना. आक्कांच्या ध्यानात आलं, फुलावर भुंगाच नाही. तो काळा, मोठा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. लाकूडच नाही तर राहील कुठं? उरल्या होत्या गोठ्याच्या मेढी, म्हणजे छपराखालचे खांब, आणि त्यांची भोकं आम्ही बाया दर दसऱ्याला शेणमातीनं लिंपून टाकायचो. आक्का घरोघर सांगत फिरल्या. ज्या भोकात भुंगा जाईल तिथं कुंकवाचं बोट लावा, ते लिंपू नका, आणि बाजारादिवशी मला सांगा कुणाकडं आला, कुणाकडं नाही. बाया हसायच्या, आक्का भुंग्यांची शिरगणती करत्यात म्हणायच्या, पण सांगायच्या मात्र इमानानं.

एकदा आक्का आणि मी शेजारच्या धोंडूकाकूंच्या गोठ्यात गेलो, तर मेढीला झेंडूची माळ, पुढं नारळ, आणि उदबत्त्यांचा धूर असा की डोळे चुरचुरले. भुंगा गायब.

"आवं काकू, ह्यो काय देव हाय व्हय?" आक्कांनी विचारलं.

"मग कुंकू कशाला लावाय सांगितलंस?"

आक्का तिथंच गव्हाणीवर टेकल्या, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग डोळे पुसले. चूक माझीच, म्हणाल्या. त्या दिवसापासून कुंकू बंद, गेरू सुरू. घरोघरी जाऊन स्वतःच्या बोटानं लावला. हळूहळू भुंगे परतले, शेंगा धरू लागल्या. पहिली जुडी काकूंनीच आणून दिली, भुंगोबाचा प्रसाद म्हणून.

सुतक फिटल्यावर आक्कांचा मुलगा, फौजेतून रजेवर आलेला, गोठ्याला विटांचे खांब घालू म्हणाला. पहार घेऊन मेढीपाशी गेला आणि गेरूचं बोट बघून थांबला.

"काकी, आत कोन हाय का?"

"उभा राहून बघ."

बराच वेळ उभा होता. भुंगा आला, आत गेला. त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली.

मेढ अजून आहे. म्हैस अंग घासते, तसा ठसा पुसट होत चाललाय. गेरूची वाटी आक्कांच्या कोनाड्यातच आहे… मी दोनदा गेरू भिजवला, दोनदा वाळू दिला. त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवायचं, जरा जड जातं बघा. पण दसरा तोंडावर आलाय, आणि लिंपायला येणाऱ्या नव्या सुनांना काय ठाऊक, आत कोण आहे.