वर्ग उभा राहिला

आधीच सांगते, मी भुताखेतांतली बाई नाही. पनवेलच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. तलावाकाठच्या पिंपळावर काहीतरी आहे म्हणून मुलं घाबरायची, तेव्हा अख्खा सातवीचा वर्ग त्याच पिंपळाखाली डबे खायला बसवला होता मी! त्यामुळे पुढचं लिहिताना थोडं अवघड वाटतंय... पण घडलं ते असं.

१९९६ चा डिसेंबर. माझा मुलगा नितीन तेव्हा कंबोडियात, बोअरवेलच्या एका प्रोजेक्टवर होता. नाताळच्या सुट्टीत त्याने मला नॉम पेन्हला बोलावून घेतलं. राजवाडा झाला, नदी झाली. मग मीच म्हटलं, "ती शाळा बघायचीय मला."

सत्तरच्या दशकात तिथल्या राजवटीने आपल्याच लाखो माणसांना मारलं. शिकलेल्यांना तर शोधून शोधून. शहरातल्या एका हायस्कूलचा त्यांनी तुरुंग केला होता. आता तिथे स्मारक आहे.

"आई, झेपायचं नाही तुला," नितीन म्हणाला.

"अरे, चिरनेरची आहे मी!"

जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला ते चिरनेर – माझं माहेर. लहानपणी बाबा आम्हाला हुतात्म्यांच्या स्तंभापाशी न्यायचे. आम्ही दंगा केला की हळूच म्हणायचे, "गप रावा. आपली मानसं हायत इथं." अशा जागी कसं वागायचं, हे मी तिथेच शिकले. म्हणून फाटकातच नितीनला कॅमेरा बॅगेत ठेवायला लावला.

आत तीन मजली इमारती, मधे अंगण, अंगणात चाफा. थेट आपली शाळाच! गाइड होती चान्था नावाची, माझ्याच वयाची बाई. सावकाश इंग्रजीत सांगायची, मला कळत होतं. भिंतीभर मारलेल्यांचे फोटो होते. मी एकेका चेहऱ्यासमोर थांबत गेले. चान्थाने घाई केली नाही.

शेवटी तळमजल्यावरची एक रिकामी खोली. फळा तेवढा भिंतीवर तसाच होता. चान्था दारातच थांबली. "तुम्ही या बघून," म्हणाली. मी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. नितीन माझ्यासोबतच होता.

आणि वर्ग उभा राहिला.

दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. बाकं मागे सरकल्याचा फरशीवरचा आवाज... चाळीसएक मुलं एकदम उठतात तो. अठ्ठावीस वर्षं, रोज सहा तास ऐकलेला आवाज! त्यात चूक कशी होईल? पण खोलीत एकही बाक नव्हतं.

भीती? खरं सांगते, नाही वाटली. मी ताठ उभी राहिले, पदर सारखा केला आणि वर्गात म्हणते तसंच म्हटलं, "बसा, बाळांनो."

पुन्हा तोच आवाज. मग शांत.

"आई, कोणाशी बोलतेयस?" नितीन गोंधळून म्हणाला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी वळले. दारात चान्था हात जोडून रडत होती.

"तुम्ही टीचर आहात," ती म्हणाली. आम्ही तिला तसं सांगितलंच नव्हतं!

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते बसले ना..." तिने डोळे पुसले. "मीपण टीचर होते. त्या राजवटीच्या चार वर्षांत जीव वाचवायला सगळ्यांना सांगितलं, मी भाजी विकते, मला वाचता येत नाही. इथे नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी या खोलीत गेले, तर ते माझ्यासाठी उभे राहिले. मला 'बसा' म्हणता येईना. कुठल्या तोंडाने म्हणणार? पळून आले बाहेर. तेव्हापासून आत गेले नाही."

मी तिचा हात धरला. "चला," मराठीतच म्हटलं. "मी आहे."

उंबऱ्याच्या आत आलो आणि बाकं सरकली. चान्थाने मान वर केली आणि तिच्या भाषेत एकच शब्द उच्चारला. अगदी बाईंच्या आवाजात! खोली शांत झाली.

बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही होती. मी नाव लिहिलं, पुढे 'पनवेल, भारत' आणि त्यापुढे 'शिक्षिका'. इतक्या अभिमानाने तो शब्द मी कधीच लिहिला नव्हता. चान्थाने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली तिच्या लिपीत एक ओळ लिहिली.

"काय लिहिलंत?" नितीनने विचारलं.

"तुझ्या आईने लिहिलं तेच."

तो आवाज आम्हा दोघींनाच का आला आणि शेजारी उभ्या नितीनला का नाही, याचं विज्ञानाच्या या बाईकडे उत्तर नाही. नितीन म्हणतो, दोन दमलेल्या बायकांच्या मनाचे खेळ. म्हणू दे. त्या दिवशी चान्था आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली, तेव्हा तिची मान ताठ होती. ते तर त्यानेही पाहिलंय.