मोदक काउंटरवरचं आडनाव

"लेले सांग. कुणी आडनाव विचारलंच तर."

माझ्या नाकात चापाची नथ अडकवता अडकवता मॅडम बोलल्या. कोलशेतच्या मोठ्या हॉटेलातल्या, लग्नाकार्यांचा हॉल बघणाऱ्या मॅडम. मी तिथल्या किचनमधली शिकाऊ मुलगी.

मला हसूच आलं. त्या हसल्या नाहीत. "मुंजीत काय झालेलं, विसरलीस?"

विसरते कसली! हॉलमधल्या त्या मुंजीत मी मोदक वाढत होते, तेव्हा एका काकूंनी माझं आडनाव विचारलेलं. मी सांगितलं, कांबळे. काकूंनी ताटलीतला मोदक हळूच परत ठेवला. "आज उपास आहे गं माझा." तोंडात पुरी होती त्यांच्या.

आंबिवलीला आमच्या घरी गणपती बसत नाही. बुद्धवंदना होते. मोदक मी हॉटेलातच शिकले. शेफनी दाखवलं, मी बोटं भाजून घेतली. कळ्या पाडायला गेलं की पारी फाटायची, सारण बाहेर. रडायचे, परत उकड मळायचे. एक दिवस शेफच बोलले, "आता मोदकाचा काउंटर तुझा." शिकाऊंपैकी एकालाच हॉटेल कायम करणार होतं. मला ती नोकरी हवी होती. आणि कुणाला कायम करायचं ते ठरवणार मॅडम.

मॅडमनी नथ अडकवली त्या दिवशी हॉलमध्ये लग्न होतं. नऊवारी, अंबाडा, गजरा, नथ. आरशात बघितलं तर मी मलाच ओळखू येईना.

एक आजोबा आले. मोदक फोडला, वरून तूप घेतलं, खाताना डोळे मिटले. "वा! आडनाव काय गं तुझं?"

मॅडम शेजारीच उभ्या.

"लेले," मी म्हटलं.

आजोबांनी बायकोला हाक मारली. "अगं, लेल्यांची आहे! म्हटलं नव्हतं तुला? हे रक्तातच असावं लागतं. शिकून येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोटं भाजली माझी, रडले मी. आणि कौतुक कुणाचं? जगात नसलेल्या एका पोरीचं! काकूंनी मोदक परत ठेवला तेव्हा निदान मी तरी तिथे उभी होते. आता मीच नव्हते.

नथ ओढून काढली. काउंटरवर ठेवली.

"आजोबा, मी खोटं बोलले. मी कांबळे. आमच्या घरी मोदक करत नाहीत. मी इथे शिकले."

आजोबांचा हात तसाच थांबला. "चला हो," बायको म्हणाली. मागची रांग पलीकडच्या आइस्क्रीमच्या काउंटरकडे सरकली. सगळी नाही, पण सरकली. सरळ माझ्या डोळ्यांदेखत.

मॅडमनी दंडाला धरून आत नेलं. "कायम व्हायचंय ना तुला? मग नथ घाल आणि जाऊन सॉरी म्हण. नाहीतर उद्यापासून भांडी."

"भांडी घासते. पण नथ घालणार नाही, आणि लेले म्हणणार नाही."

अजून भांड्यांवरच आहे मी. कढया घासून हात सोलवटलेत. राग येतो, रोज येतो. कायम करतील असं मुळीच वाटत नाही. नका करू. दुसऱ्या हॉटेलात जाईन, तिथं पहिल्याच दिवशी पूर्ण नाव सांगेन आणि मग उकड मळायला घेईन.

मोदक मीच वळणार. कांबळेच्या हातचा म्हणून खायचा असेल तर खा. नसेल तर आइस्क्रीमचा काउंटर पलीकडेच आहे.