मेंढरांचा खरा आकडा

मंडळी, आज सोलापुरात उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी माझी मुलाखत झाली. मी मानववंशशास्त्र शिकते. विषय मी निवडला होता आमचाच, सांगोल्याकडचे मेंढपाळ.

समोरचे सर म्हणाले, "तू त्यांच्यातलीच. तुला तटस्थपणे बघता येणार नाही. दुसरा विषय घे." आणि तटस्थ अभ्यासाचा नमुना म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याचा अहवाल माझ्यापुढं सरकवला.

त्यात नेमका आमच्याच वस्तीचा तक्ता, कुणाकडं किती मेंढरं त्याचा. वडिलांच्या नावापुढचा आकडा बघून मला हसूच फुटलं.

"सर, हे निम्मंच हाय की!" तोंडातून घरचीच भाषा गेली. "आमच्यात परक्याला कळपाचा खरा आकडा सांगत न्हाईत, दृष्ट लागते. हितं सगळ्यांनीच खोटं सांगितलंय."

सरांनी पेन उघडलं. म्हणाले, "बरं, खरा आकडा किती?"

"तो मीपण सांगणार नाही, सर."

शिष्यवृत्ती गेली तर गेली. विषय हाच राहणार.

खोटा आकडा तटस्थपणे लिहिणाऱ्याला शाबासकी, आणि तो खोटा आहे हे ओळखणारीला म्हणे दुसरा विषय! तुमच्याच घराबद्दल तुम्हाला कुणी असं गप्प केलंय का?