सिलोनमधल्या भाकरी

साठ सालानंतर लवकरच आम्ही अकरा जण सिलोन पाहायला गेलो. पाहायला, असं निघताना म्हटलं होतं. आठ दिवसांत आमची भाड्याची बस पाहण्यासाठी सात वेळा थांबली आणि स्वयंपाकासाठी एकोणीस वेळा. मी मोजणी खात्यातला माणूस. हे आकडे अंदाजाचे नाहीत.

सहल वणीच्या एका ठेकेदाराची. कोळशाचे ट्रक चालवून त्याला जग पाहण्याची हौस आली होती, पण जगात जाऊन जेवायचं मात्र वणीचंच. धनुष्कोडीला बोटीत चढला तो ज्वारीच्या पिठाचे डबे, तिखट, जवसाची चटणी आणि दोन स्टोव्ह घेऊन. पहिल्या दिवशी तिथल्या लोकांनी पानावर भात, मासे, फणसाची भाजी वाढली. यानं त्यातल्या खोबरेलाचा वास घेतला. "हे तं डोक्याले लावाचं तेल हाये. पोटात कायले घालता?" त्याचे सात मित्र हसले, आणि हाच विनोद रोज ऐकावा लागला. कँडीचं दंतमंदिर, जिथे बुद्धांचा दात जपून ठेवलाय, आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं, कारण बाजारात वांगी मिळाली होती आणि ती ताजी असतानाच करायची होती. समुद्राकडे पाठ करून भाकर खाणारी माणसं मी तिथेच पाहिली.

त्या आठ पुरुषांच्या भाकरी ठेकेदाराची बायको एकटी थापायची. माझ्या बायकोचा हात लागलेली भाकर त्याला चालली नसती. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तरी त्याच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. तो हे बोलत नसे, फक्त पिठाचा डबा तिच्यापासून दूर ठेवी. मला आणलं होतं इंग्रजी फॉर्म भरायला. आम्ही दोघं जवळच्या खाणावळीत जेवायचो, आणि उत्तम जेवायचो. तोंडानं मात्र मी काही बोललो नाही, याची लाज अजून आहे.

बायकोला एकच गोष्ट पाहायची होती, अनुराधपूरचा बोधिवृक्ष. बुद्ध ज्या झाडाखाली बसले त्याची फांदी तिथे वाढली, हे तिला दीक्षेनंतर कुणीतरी वाचून दाखवलं होतं. अनुराधपूर शेवटच्या दिवशी आलं. ती पहाटेपासून पांढरं पातळ नेसून बसली होती. बस तळ्याकाठी थांबली, कारण तिथे पाणी होतं. स्टोव्ह उतरले. झाड सव्वा मैलावर असल्याचं सांगून ड्रायव्हर सावलीत आडवा झाला.

"एक घंटा," ठेकेदार म्हणाला. "जेवू, अन् निंघू."

मी हिशेब मांडला. जायला अर्धा तास, यायला अर्धा, तिथे अर्धा. बोटीला पुष्कळ वेळ होता. दीड तास द्या, एवढंच म्हणालो.

"मोजणीदार, झाडच हाये ना? बाभुळगावच्या रस्त्यानं तुमाले हजार दाखोतो. एका घंट्यानं बस सुटन. मंग नोका म्हणू."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती सरळ स्टोव्हपाशी गेली.

"वैनी, तुमी येता का?"

ठेकेदाराच्या बायकोनं आठ दिवस हा देश तव्याच्या वाफेतून पाहिला होता. पिठाचे हात तसेच धरून ती क्षणभर बसली, मग उठली.

"चाला."

"अवं, तू कुठं चालली? अन् भाकरी?"

"एक तव्यावर हाये. उलटवा."

मी पावलं मोजली. माझं पाऊल अडीच फुटांचं. दोन हजार सातशे भरली. ड्रायव्हर बरोबर होता. दोघी पुढे, अगदी सावकाश. आता बस सुटणार नव्हती, हे दोघींनाही कळलं होतं.

झाड फार मोठं नाही. फांद्यांना टेकू दिलेले. बायकोनं फुलं वाहिली आणि जमिनीवर बसली. शेजारी दुसरी बसली. अर्धा तास झाल्यावर मी घड्याळ पुढे केलं.

"बसू द्या न भाऊ," ठेकेदाराची बायको म्हणाली. "काहून घाई करता?"

त्या पन्नास मिनिटं बसल्या. माझ्या बायकोचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा मी आमच्या लग्नानंतर कधी पाहिला नव्हता इतका शांत होता.

परतलो तर आठही पुरुष उपाशी. तव्यावरची भाकर कोळसा झाली होती. ती उलटवायची कुणी, यावर बहुधा एकमत झालं नव्हतं.

"पीठ वाळून गेलं सारं," ठेकेदार म्हणाला.

झाड कसं होतं, हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, बोटीत नाही, पुढे वणीला भेटला तेव्हाही नाही. माझ्या बायकोनंही सांगितलं नाही. सांगावं असा तो माणूस नव्हता.