दोन पूर्णांक सात

पारोळ्याच्या आमच्या शाळेत ज्योत्स्ना पाटील खेळ शिकवतात. धुळ्याला कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी रायफल हातात घेतली आणि राज्य पातळीपर्यंत पोचल्या. पुढे लग्न, नोकरी, दोन मुलं यांत त्यांचं स्वतःचं खेळणं थांबलं. मग शाळेमागच्या रिकाम्या शेडमध्ये दहा मीटर मोजून त्यांनी चार टार्गेटं लावली आणि मुलींना शिकवायला सुरुवात केली. नियमांचं जाडजूड पुस्तक तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाचून त्या पंचाची परीक्षाही पास झाल्या.

गेल्या जानेवारीत दिल्लीला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. बाईंना तिथं खेळाडूंचं साहित्य तपासायचं काम मिळालं आणि त्यांचीच विद्यार्थिनी मयुरी महाजन भारताच्या संघात आली. गावाला दुहेरी आनंद झाला.

नेमबाजाचं जॅकेट जाड कापडाचं असतं. ते फार ताठ असलं तर शरीराला आयता आधार मिळतो, म्हणून एक यंत्र कापड दाबून बघतं. ते निदान तीन मिलिमीटर दबायला हवं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मयुरीचं जॅकेट बाईंच्याच टेबलावर आलं. इकडच्या उन्हात मऊ राहिलेलं कापड दिल्लीच्या थंडीत आखडलं होतं. आकडा आला दोन पूर्णांक सात.

मयुरी हळूच म्हणाली, "मॅडम, थोडंसंच तर कमी आहे."

"कमी आहे ना? मग नापास," बाई म्हणाल्या आणि तसं लिहून टाकलं. लगेच उठून त्यांनी मुख्य पंचांना सांगितलं, "ही माझी विद्यार्थिनी आहे. हिची फेरतपासणी दुसऱ्या कुणी करावी."

फेरतपासणी एकदाच मिळते. मयुरी आणि तिचे वडील सुकदेवभाऊ तासभर बाहेर उन्हात बसून ते जॅकेट चुरगाळत, गुंडाळत, गुडघ्याखाली दाबत राहिले. बाई खिडकीतून बघत होत्या, पण जागेवरून उठल्या नाहीत. थायलंडच्या पंचबाईंनी पुन्हा मोजलं तेव्हा तीन पूर्णांक एक आलं.

दुसऱ्या दिवशी मयुरी नववी आली. अंतिम फेरीत आठच जणी जातात.

गावात कुजबुज सुरू झाली. बाईंच्या आई बेबाबाई यांनीही सरळ विचारलं, "आपलीच पोर शे ना ती? मंग तिले कसाले अडावं?"

"आई, दुसऱ्याची पोर असती तर अडवलीच असती ना?" एवढंच बोलून बाई भाकरी थापायला बसल्या. पण त्या दिवसांत त्या नीट जेवत नव्हत्या, हे स्टाफरूममध्ये आम्हाला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी शाळेत मयुरीचा सत्कार झाला. गावचे पुढारी नाना भाषणात म्हणाले, "आपल्याच माणसांनी साथ दिली असती तर आज पदक असतं."

मयुरीनं माईक घेतला. "माझं जॅकेट दुसऱ्यांदा पास झालं होतं, नाना. शेवटचे दोन नेम माझे चुकले. मॅडमनी तेव्हा डोळेझाक केली असती, तर सामन्यानंतरच्या तपासणीत मी बाद झाले असते आणि माझ्या नावापुढे कायमचं 'बाद' लागलं असतं."

बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. कार्यक्रम संपल्यावर मयुरी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "उद्या सकाळी सहाला सरावाला येऊ का?"

"साडेपाचला ये," बाई म्हणाल्या.